मोडीचे वळण पलीकडे स्पष्ट दिसेल असा छोटा वेबकॅम कोणता घ्यावा?

बोरू_आणि_दौत

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून साताऱ्यात राहतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी चार जणांना झूमवरून मोडी लिपी शिकवतो. त्यांपैकी दोघे पुण्यात, एक बेंगळुरूला आणि माझी पुतणी न्यू जर्सीत असते. आजवर मुलाच्या लॅपटॉपवर काम भागत होते. आता तो लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला आहे आणि माझ्याकडे कॅमेरा नसलेला साधा डेस्कटॉप उरला आहे.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे लिहीत जातात. त्यामुळे तयार अक्षराचे छायाचित्र पाठवून विद्यार्थ्याला फारसे काही कळत नाही. हात कोठून निघाला, कोठे वळला आणि पुढच्या अक्षराला कसा जाऊन मिळाला, हे त्याला प्रत्यक्ष दिसावे लागते. म्हणजे मला चेहरा आणि कागद दोन्ही दाखवायचे आहेत. टेबल लहान असल्याने कॅमेराही आटोपशीर हवा.

बाजारातून एक स्वस्त वेबकॅम आणून पाहिला. खोक्यावर १०८० असे ठळक लिहिले होते आणि मेगापिक्सेलचा आकडा तर मोबाइललाही लाजवेल असा होता. चेहरा बरा दिसतो, पण कागद जवळ नेला की अक्षरे पिठात कालवल्यासारखी होतात. शिवाय पडद्यावर आडवे काळपट पट्टे सावकाश वर सरकत राहतात. कॅमेरा बिघडलेला आहे, की माझ्या वापरण्यात काही चूक आहे?

काचभिंग

गुरुजी, कॅमेरा बहुधा बिघडलेला नाही, तो आपल्या कामाचा नाही एवढेच. स्वस्त वेबकॅममध्ये भिंगाचे अंतर कारखान्यातच पक्के केलेले असते. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि त्यामागची भिंत ठीक दिसावी, असा तो हिशोब असतो. कागद २० सेंटिमीटरवर आणला की तो त्या हिशोबाबाहेर जातो, आणि मग १०८० असो वा आणखी काही, अक्षर पुसटच दिसणार. लॉजिटेकचा सी२७० हा अनेकांच्या घरी असलेला ७२० चा कॅमेराही याच जातीचा, म्हणजे स्थिर फोकसचा आहे. नुसत्या गप्पांसाठी मी तो डोळे झाकून सुचवला असता, पण आपल्याला सुचवणार नाही.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडे लिहितो, कारण फसगत नेमकी येथेच होते. ७२० चे चित्र १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे असते, म्हणजे एक मेगापिक्सेलही पुरता भरत नाही. १०८० चे चित्र १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. तेव्हा १०८० च्या कॅमेऱ्यावर २० किंवा २५ मेगापिक्सेल लिहिलेले असेल तर लहान चित्र ताणून मोठे केलेले आहे असे खुशाल समजावे. ताणल्याने ठिपके वाढतात, तपशील वाढत नाही.

आता आपल्या कागदाचा हिशोब करू. स्थिर फोकसचा कॅमेरा कागद स्पष्ट दिसावा म्हणून ५० सेंटिमीटर उंच धरला, तर ६० अंशांच्या आसपास कोन असलेल्या भिंगाला तेथून जवळजवळ ५० सेंटिमीटर रुंदीचे टेबल दिसते. कॉलमध्ये चित्र बरेचदा ६४० ठिपक्यांच्या रुंदीपर्यंत खाली येते, आणि तसे झाले की प्रत्येक सेंटिमीटरच्या वाट्याला १३ ठिपकेही येत नाहीत. अर्ध्या सेंटिमीटरच्या अक्षराला सहा ठिपके मिळाले, तर त्यात मोडीची गाठ आणि वेलांटी कोठे मावणार? हेच २१ सेंटिमीटर रुंदीचा ए४ कागद चौकटीत पुरता भरला, तर सेंटिमीटरला ३० ठिपके मिळतात. अर्धाच कागद दाखवून अक्षर सेंटिमीटरभर उंच काढले, तर अगदी मंद इंटरनेटवरही वळण कळते.

म्हणून आपण आपोआप फोकस करणारा, पण तो फोकस हवा तेव्हा बंदही करता येईल असा कॅमेरा घ्यावा. लॉजिटेकचा सी९२० हा २०१२ पासून बाजारात असलेला कॅमेरा याचे चांगले उदाहरण आहे. त्याचे चित्र खऱ्या १०८० चे आहे, भिंगाचा कोन ७८ अंशांचा आहे, आणि तिपाईचा स्क्रू बसेल अशी आटी खाली असल्यामुळे तो टेबलाच्या कडेला लावलेल्या दांडीवरही चढवता येतो. बोरू आणि हात मोकळेपणी फिरावा म्हणून तो कागदापासून ३० सेंटिमीटर उंच धरावा लागेल. तेथून ४० सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी दिसते. मग कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये दुप्पट झूम केले की कागद चौकट भरून टाकतो. १०८० चा खरा उपयोग या जागी आहे, कारण दुप्पट झूम करूनही ९६० खरे ठिपके शिल्लक राहतात. चेहऱ्यासाठी मात्र १०८० ही चैनच म्हणावी लागेल.

एक खबरदारी जरूर घ्या. फोकस आपोआप ठेवला तर बोरू हलला की कॅमेरा एकदा हाताला आणि एकदा कागदाला पकडू पाहतो, आणि चित्र श्वास घेतल्यासारखे आतबाहेर होत राहते. कागद ठेवून फोकस जुळला की ‘ऑटो’ची खूण काढून तो तेथेच बांधून टाकावा.

तिसरा_मजला

सरकणाऱ्या पट्ट्यांचे कारण कॅमेऱ्यात कमी आणि आपल्या विजेत जास्त आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. वेबकॅम मात्र चित्र एकदम न टिपता वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने टिपतो, म्हणून काही ओळी उजेडाच्या क्षणी आणि काही अंधुक क्षणी टिपल्या जातात आणि पट्टे उमटतात. प्रत्येक ओळीने १/१०० सेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत उजेड गोळा केला की सगळ्या ओळींना सारखा वाटा मिळतो. पण कॅमेरा अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर लावलेला असेल, तर तो १/१२० किंवा १/६० सेकंदाचा हिशोब धरतो आणि सगळे बिनसते. माझ्या बहिणीने तिकडून आणलेल्या कॅमेऱ्याचे असेच झाले होते. आम्ही तो परत पाठवायलाही निघालो होतो.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी’ किंवा ‘अँटी फ्लिकर’ असा पर्याय असतो, तो ५० करावा. झूममध्ये तो हाताशी सापडला नाही, तर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यात कॅमेरा जोडावा. तेथील ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ या बटणाने कॅमेऱ्याची मूळ चौकट उघडते, आणि काचभिंग यांनी सांगितलेला फोकसही तेथेच बांधता येतो. ट्यूबलाइटला इलेक्ट्रॉनिक चोक बसवला तरी पट्टे जातात, कारण तो दिव्याला सेकंदाला हजारो वेळा वीज देतो आणि ते चढउतार कॅमेऱ्यालाही पकडता येत नाहीत.

उजेड भरपूर हवा हे सगळेच सांगतात, पण आपल्या कामात त्याचे कारण वेगळे आहे. अंधुक उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो, त्यामुळे सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा त्याहूनही कमी चित्रे निघतात. बोलणाऱ्या चेहऱ्यात ते खपून जाते. धावत्या बोरूत मात्र मधले वळणच गाळले जाते, आणि विद्यार्थ्याला दिसायला हवे असते नेमके तेच. आपण उजव्या हाताने लिहीत असाल तर टेबललॅम्प डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. चकचकीत कागदही टाळावा.

पेठेतला_पाहुणा

मला नवीन खरेदीची गरजच वाटत नाही. आणलेला वेबकॅम चेहऱ्यासाठी मॉनिटरवर राहू द्यावा. मोबाइल दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर ठेवलेल्या पट्टीवर, मागचा कॅमेरा खाली कागदाकडे राहील असा आडवा ठेवावा आणि त्यावरून त्याच मीटिंगमध्ये दुसरा सदस्य म्हणून यावे. मोबाइलचा कॅमेरा जवळचा कागद कोणत्याही वेबकॅमपेक्षा चांगला टिपतो. फक्त मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर असा कर्कश आवाज घुमेल की बेंगळुरूची मंडळी पळून जातील.

काचभिंग

पाहुण्यांचा तोडगा मला मान्य आहे, पण तो एखाद्या दिवसापुरता ठीक आहे. आठवड्यातून दोनदा थप्पी रचायची, मध्येच कोणाचा फोन आला की कागद पडद्यावरून गायब होणार, आणि तासाभरात मोबाइल तापणार. नवीन खरेदी टाळायचीच असेल, तर हातातला स्वस्त कॅमेरा एकदा नीट पाहा. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांच्या भिंगाभोवती बोटांनी फिरवता येणारी कडी असते आणि ती फिरते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ती फिरत असेल तर तो कॅमेरा कागदाला लावा आणि चेहऱ्यासाठी मोबाइल वापरा.

बोरू_आणि_दौत

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. कडी खरोखरच निघाली! ती घट्ट होती, पण रुमालाने धरून फिरवल्यावर २५ सेंटिमीटरवरचा कागद बऱ्यापैकी स्पष्ट झाला. तरीही चेहऱ्यासाठी पुढच्या महिन्यात चांगला कॅमेरा घ्यावा असे ठरवले आहे, म्हणजे मोबाइल मोकळा राहील.

आता दोन नव्या अडचणी आहेत. चेहऱ्याच्या चित्रात मी हातातला कागद कॅमेऱ्यापुढे धरला की मला अक्षरे आरशातल्यासारखी उलटी दिसतात. आणि टेबलावरचा कॅमेरा समोरच्या बाजूने लावल्यामुळे सगळा कागदच विद्यार्थ्यांना डोक्यावर उभा दिसतो. तसेच दोन कॅमेरे एकाच वेळी चालवता येतात का?

तिसरा_मजला

पहिली अडचण फक्त आपल्यापुरती आहे. स्वतःचा चेहरा आरशात पाहण्याची सवय असल्याने झूम आपले चित्र आपल्याला आरशासारखे दाखवते. समोरच्यांना अक्षरे सुलटच दिसत असतात. खात्री हवी असेल तर पुतणीला एक अक्षर वाचायला सांगा. शिकवताना गोंधळ होत असेल तर व्हिडिओच्या सेटिंगमधील ‘मिरर’ची खूण काढून टाका.

दुसऱ्या अडचणीवर त्याच सेटिंगच्या पानावर उपाय आहे. तेथे आपल्या चित्रावर माउस नेला की ‘रोटेट ९०’ असे बटण दिसते. ते दोनदा दाबले की कागद पायांवर उभा राहतो.

दोन कॅमेरेही चालतात. ‘शेअर’ दाबून आलेल्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवण्याचा पर्याय आहे. त्यातून कागद मोठा दिसतो आणि आपला चेहरा कोपऱ्यात राहतो. मात्र दोन्ही कॅमेरे एकाच यूएसबी हबमध्ये, म्हणजे एका सॉकेटची अनेक सॉकेटे करणाऱ्या डबीत, खुपसू नका. यूएसबी २.० चा सगळा मार्ग सेकंदाला ४८० मेगाबिटचा, आणि ७२० चे न दाबलेले (म्हणजे कॉम्प्रेस न केलेले) चित्रच त्यातले ४४० च्या आसपास मागते. म्हणून कॅमेरे चित्र दाबून पाठवतात, तरीही एका हबवर दोघांची झोंबाझोंबी होऊन एक जण गप्प बसण्याची शक्यता असते. एक कॅमेरा कॅबिनेटच्या पुढच्या आणि एक मागच्या बाजूला जोडावा. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर जोडवायर लागेल, पण सगळी मिळून लांबी पाच मीटरच्या आत ठेवा.

बोरू_आणि_दौत

कालचा वर्ग दोन कॅमेऱ्यांवर झाला. शेजारच्यांकडून त्यांचा जुना वेबकॅम दोन तासांसाठी मागून आणला आणि तो मॉनिटरवर डोळ्यांच्या उंचीला अडकवला. विद्यार्थ्यांच्या चौकटी त्याच्या अगदी खाली ओढून ठेवल्यामुळे, मी प्रथमच त्यांच्याकडे पाहून बोललो असे पुतणीने सांगितले. ५० हर्ट्झ केल्यावर पट्टे गेले. पाटीएवढा कागद घेऊन अक्षरे ठळक काढली, आणि ‘श्री’ लिहिताना हात कोठून वळतो हे चौघांनीही न विचारता बरोबर सांगितले. तक्रार एकच आली, ती छताच्या पंख्याच्या घरघरीची. कॅमेऱ्यातला माइक माझ्या आवाजापेक्षा पंख्याला जास्त मान देतो असे दिसते.

पेठेतला_पाहुणा

तो माइक आपल्या तोंडापासून हातभर लांब आणि पंख्याखाली उघडा आहे, त्याचा दोष नाही. मोबाइलबरोबर आलेला वायरचा हेडफोन कॅबिनेटला लावा आणि झूमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून कॅमेऱ्याऐवजी तोच निवडा. नवा कॅमेरा जोडाल त्या दिवशी ती निवड पुन्हा तपासा, कारण नवीन माइक दिसला की संगणक कधी कधी परस्पर त्याच्याकडे वळतो.