मदत हवी आहे : १९५६ च्या फोर्ड पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल ठेवून कोणतं स्टिअरिंग बसवू?

नमस्कार मंडळी,
इथे ओहायोत गेल्या वर्षी १९५६ ची फोर्ड एफ-१०० घेतली. बायकोच्या मते हौसेनं भंगार विकत घेणारा मी पहिलाच. असो. इंजिन छान आहे, रडगाणं पुढच्या भागाचं. स्टिअरिंग दोन-तीन इंच फिरवलं तरी चाकं ढिम्म. जॅक लावून चाक हलवलं की किंग पिन (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळी) खडखडतात.

आणि ब्रेक! चारही ड्रम. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) फ्लोअरखाली, तोही एकाच सर्किटचा, म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. परवा सिग्नलला पेडल तीनदा पंप केलं तेव्हा कुठे थांबली. तेव्हापासून गॅरेजमध्येच उभी आहे.

एक मित्र म्हणतो, बीम अ‍ॅक्सल (पुढच्या दोन्ही चाकांमधला अखंड दांडा) काढ, फोर्डच्या मस्टँग टू गाडीच्या पद्धतीचं, प्रत्येक चाक वेगळं हलू देणारं इंडिपेंडंट सस्पेन्शन बसव, रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टीचं स्टिअरिंग) आयतंच मिळेल. पण चॅसी कापायचं माझ्या जिवावर येतंय. बीम ठेवून नवे किंग पिन, पुढे डिस्क, ड्युअल (दोन सर्किटचा) मास्टर सिलिंडर, एवढं मनात पक्कं आहे. सिलिंडर खालीच राहणार, तेल त्यात परत वाहून येऊ नये म्हणून डिस्कच्या लाइनला २ आणि ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्हही (लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा) घेऊन ठेवलाय.

अडलंय ते स्टिअरिंगवर. जुन्या टोयोटा फोर-बाय-फोरचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स या गाडीत कोणी बसवलाय का? व्ही-८ च्या एक्झॉस्टला अडतो का? आणि मागे ९ इंची फोर्ड अ‍ॅक्सल (आतलं मोठं गिअर ९ इंचांचं असलेला) टाकायचा तर स्प्रिंगच्या बैठका नव्यानं वेल्ड कराव्या लागल्या का? फोटो असतील तर जरूर टाका.