दहाव्या आठवड्यात ट्रायग्लिसराईड २१० आलंय, पुढे शुगर होईल का?

पहिलटकरीण_पुणे: मैत्रिणींनो, दहावा आठवडा चालू आहे. ऑफिसच्या चेकअपमध्ये लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पण झालं, टोटल कोलेस्टेरॉल २१८, ट्रायग्लिसराईड २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८. आईला डायबेटीस आहे, मला आधीपासून पीसीओडी. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, तोवर जीव थाऱ्यावर नाही. सासूबाई म्हणतात दोन जिवांची आहेस, तूप खा, आणि मी रिपोर्ट बघून तूपच बंद केलंय. या आकड्यांचा गरोदरपणातल्या शुगरशी खरंच संबंध असतो का?

गोदाकाठ: मी आहारतज्ज्ञ आहे. टोटल कोलेस्टेरॉलचं आत्ता फार मनावर घेऊ नकोस, गरोदरपणात ते वाढतंच, ट्रायग्लिसराईड तर शेवटच्या तीन महिन्यांत दुप्पट-तिप्पट होतं आणि ते बाळाच्या वाढीसाठीच असतं. पण तुझं सुरुवातीलाच जास्त आहे आणि एचडीएल कमी, ही जोडी बहुतेकदा इन्सुलिन रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची असते. पुढे वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा असर सगळ्यांचाच कमी होतो, पॅनक्रियाज जास्त इन्सुलिन बनवून ते भरून काढतं, ज्यांना ते जमत नाही त्यांची शुगर चढते. सुरुवातीला ट्रायग्लिसराईड जास्त असलेल्यांमध्ये जीडीएम (गरोदरपणातला डायबेटीस) जास्त निघतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, एलडीएलचं (वाईट कोलेस्टेरॉलचं) मात्र तितकं पक्कं नाही. तुला होणारच असं अजिबात नाही गं.

आणि तूप सुरू कर, भातावर चमचाभर चालतं. ट्रायग्लिसराईड चढवण्यात साखर, मैदा, पॅकेटमधला ज्यूस यांचा हात मोठा. भूक लागली की बिस्किटांऐवजी मुगाची उसळ, ताक, मूठभर शेंगदाणे.

दोन_लेकरांची_आई: ताई, शुगरची टेस्ट आत्ताच करून घे, सहाव्या महिन्याची वाट बघू नकोस. सरकारी गाइडलाइनप्रमाणे पहिल्याच तपासणीला करायची असते, पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) पण होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, उपाशी असायलाच हवं असं नाही, २ तासांनी १४० किंवा वर आली तर जीडीएम धरतात. नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायचीच, ही दुसरी बऱ्याच जणी टाळतात आणि तिथेच घोळ होतो. सावकाश पी, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. मला दुसऱ्या खेपेला जीडीएम निघाला होता, जेवणात बदल आणि जेवणानंतर चालणं एवढ्यावर आटोक्यात राहिला, लेक छान झाली.

पहिलटकरीण_पुणे: खूप बरं वाटलं वाचून. एक विचारायचं राहिलं, रक्त दुपारी जेवण झाल्यावर घेतलं होतं त्यांनी, त्याने फरक पडतो का?

गोदाकाठ: अगं पडतो ना! जेवणानंतर ट्रायग्लिसराईड वर जातंच. डॉक्टरांना हे नक्की सांग, गरज वाटली तर त्या उपाशीपोटी परत करायला सांगतील. थायरॉइडची टेस्ट झाली नसेल तर तीही विचार, थायरॉइड कमी काम करत असलं तरी कोलेस्टेरॉल वाढतं. आणि कोलेस्टेरॉलची कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, आयुर्वेदिक असली तरी.