शब्दचर्चा : लेखाची 'मांडणी' की 'सजावट'? आणि 'डबल स्प्रेड'ला काय म्हणावं?

प्रश्न

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही २४ पानी मराठी मासिक करतोय. अर्नाळ्यात बोंबील सुकवतात, त्यावरचा लेख माझ्याकडे आहे, समोरासमोरच्या दोन पानांवर. वर्गात सगळेच 'लेआऊट', 'डबल स्प्रेड' म्हणतात. सोबतचं टिपण मात्र मराठीत द्यायचंय. त्यात मी 'दुपानी सजावट' असं लिहिलंय. मैत्रीण म्हणते, कानाला बरं लागत नाही. नेमकं काय खटकतंय?

उत्तर

खटकतंय ते 'सजावट'. घरातला एखादा दिवाळी अंक काढ आणि श्रेयनामावली बघ. मुखपृष्ठ, सजावट, मांडणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन अशी कामं वेगवेगळी लिहिलेली सापडतील. सजावट म्हणजे रेखाचित्रं, शीर्षकाचं सुलेखन, कोपऱ्यातली नक्षी. मजकूर दोन रकान्यांत लावायचा की तीन, मथळा कुठून सुरू करायचा, चौकट कुठे बसवायची, कुठली जागा कोरी ठेवायची, ही झाली मांडणी. सजावट काढून टाकली तरी लेख वाचता येतो. मांडणी काढली की नुसता ढीग उरतो.

आजीच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी आठव. रोजची ताटं-वाट्या हाताशी, सणावाराची पातेली सगळ्यात वरच्या फळीवर. कशाला आधी हात लागणार, हे ठरवूनच प्रत्येक भांडं ठेवलेलं असतं. पानावर हाताच्या जागी डोळा असतो, एवढंच. शिवाय वक्ता चांगलं बोलला तरी आपण म्हणतोच, 'विषयाची मांडणी नेटकी होती.' विचार आणि पान, दोन्ही नीट लावण्याला मराठीत एकच शब्द आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. मी शिकवते, त्यामुळे रोज बघते : 'सजावट करा' म्हटलं की मुलं रंग आणि बॉर्डरी शोधायला लागतात, 'मांडणी करा' म्हटलं की आधी लेख वाचायला घेतात.

आणखी एक उत्तर

ताईंशी सहमत. वर्तमानपत्रात आम्ही पान 'लावतो'. 'आज पान कोण लावतंय?', 'पहिलं पान लागलं का?' आणि छपाईला पाठवलं की 'पान सोडलं'. टिपणात 'पान लावताना' असं बेधडक लिहा. 'लेआऊट'लाही माझा विरोध नाही, तो शब्द आता आपलाच झालाय.

'दुपानी'बद्दल मात्र सांगायला हवं. 'चारपानी पुरवणी'सारखा हा शब्द नुसता मोजतो. लेख ११ आणि १२ वर आला तरी तो दुपानीच. पण ११ हे उजवं पान आणि १२ ही त्याचीच पाठ. वाचक पान उलटणार, तेव्हा त्याला उरलेला लेख दिसणार. स्प्रेडमध्ये दोन्ही पानं एका नजरेत येतात, सगळी गंमत त्यातच आहे. म्हणून 'जोडपान' म्हणा. डावं सम, उजवं विषम : १०-११ हे जोडपान, ११-१२ नव्हे.

शंका

पण 'पान' म्हणजे मुळात दोन्ही बाजूंसकट अख्खा कागद ना? एका बाजूला 'पृष्ठ' म्हणतात. मग 'जोडपृष्ठ' जास्त काटेकोर नाही का?

उत्तर

काटेकोरपणे पाहिलं तर २४ पानी मासिकात कागदाची पानं १२च भरतात, हे खरं. बोलताना मात्र 'पान नंबर सात' म्हणजे सातवं पृष्ठच. आणि अगदी मूळ अर्थ धरला तरी 'जोडपान' चुकत नाही. एका पानाची पाठ आणि पुढच्या पानाचं तोंड मिळून ते तयार होतं, म्हणजे दोन पानं जोडीला आलीच. पोथीत ही जोडी वर-खाली असते, कारण तिथे पान वरच्या बाजूला उलटतात.

जाता जाता कामाचं. मधोमध पिन मारलेल्या २४ पानी अंकात १२-१३ हे एकच जोडपान सलग कागदावर छापलं जातं. एकाच कागदावर शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी २५ : १० सोबत १५, ११ सोबत १४. त्यामुळे १०-११ वर आडवा पसरलेला फोटो दोन वेगळ्या कागदांवर अर्धा अर्धा छापला जातो, आणि घडीपाशी केसभर तरी सरकू शकतो. शिवणीकडचा समास मोकळा ठेवा.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा लेख नेमका १०-११ वरच आहे. काल रात्री प्रिंट काढून मधोमध दुमडली. वलांडीवर बोंबील टांगणाऱ्या मावशींचा चेहरा बरोबर घडीत जात होता, डावा डोळा एका पानावर, उजवा दुसऱ्या. स्क्रीनवर हे लक्षातच आलं नव्हतं. फोटो अख्खा उजव्या पानावर नेला, मथळा डावीकडे, त्याखाली दोन रकाने. वलांडीच्या आडव्या बांबूंची रेघ आता मथळ्याच्या शिरोरेखेला समांतर आलीये.

टिपणात लिहिलंय : 'जोडपानाची मांडणी'. आता एकच अडलंय. मावशींचं एक वाक्य लेखातून उचलून मोठ्या टायपात मध्ये घ्यायचंय. त्याला 'चौकट' म्हणवत नाही, कारण चौकट आखलेलीच नाही. 'ठळक अवतरण' चालेल का?