'एंटरप्राइज'चा शेवटचा भाग: निरोप कुणाचा होता?

इंजिनरूम

(पुढे सगळं कथानक उघड केलंय. मालिका पाहायची असेल तर इथूनच मागे फिरा.)

'स्टार ट्रेक: एंटरप्राइज' ही अवकाशयानावरची टीव्ही मालिका १३ मे २००५ ला संपली. वीस वर्षं उलटली तरी शेवटच्या भागाचा विषय निघाला की चाहते खवळतात. मीही खवळतो, पण नेहमीच्या कारणासाठी नाही. 'नेक्स्ट जनरेशन' या आधी आलेल्या, पण दोनशे वर्षं पुढच्या काळात घडणाऱ्या स्टार ट्रेक मालिकेतले रायकर आणि ट्रॉय यात का घुसले, हा बहुतेकांचा राग. पाहुणे आले याचं मला काही नाही. माझी तक्रार अशी की ९७ भाग ज्यांच्यासोबत काढले, त्या माणसांना स्वतःच्या शेवटात करायला काही ठेवलेलंच नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'नेक्स्ट जनरेशन'च्या 'पेगासस' या जुन्या भागात रायकर पेचात सापडलेला असतो. बेकायदा अदृश्य-यंत्राबद्दल आपल्या कप्तानाला, पिकार्डला, खरं सांगायचं, की जुन्या कप्तानाचा गप्प राहण्याचा हुकूम पाळायचा? ट्रॉय त्याला होलोडेकवर, म्हणजे हवा तो प्रसंग जिवंत उभा करणाऱ्या खोलीत, पाठवते. तिथे तो 'एंटरप्राइज'चा कप्तान आर्चर याची २१६१ मधली शेवटची मोहीम बघतो. आर्चरचा परग्रही (अँडोरियन) मित्र श्रान याच्या मुलीची सुटका, जहाजाचा मुख्य अभियंता ट्रिप याचा मृत्यू, ग्रहांच्या संघराज्याच्या करारावर सह्या. आर्चर भाषणाला उभा राहतो आणि रायकर कॉम्प्युटरला सांगतो, बंद कर. झालं. मालिकेच्या नायकाचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण आपल्याला ऐकू येत नाही, कारण रायकरचं काम झालेलं असतं.

त्याच संध्याकाळी आधी 'टेरा प्राइम' हा आदला भाग दाखवला गेला होता. माझ्यालेखी मालिका तिथेच संपते.

तर्कट

अजिबात पटलं नाही. भाषण तुम्ही ऐकलंय की! 'टेरा प्राइम'च्या शेवटी, परिषदेतल्या प्रतिनिधींसमोर, अंतराळाची शेवटची सीमा याच सभागृहात सुरू होते अशा अर्थाचं आर्चर जे बोलतो, तेच ते भाषण. तासाभरात त्याच माणसाला तेच पुन्हा बोलायला लावायचं? आणि ट्रॉय म्हणते की शाळेत हे भाषण पाठ करावं लागलं होतं. जे भाषण पुढच्या पिढ्या घोकतात ते लिहून दाखवायची हिंमत कुठल्याही लेखकाने करू नये. पडतंच ते.

मूळ मुद्द्यावर येतो. ही मालिका पहिल्या दिवसापासून पूर्वकथा होती. संघराज्य होणार हे आपल्याला माहीत होतं, प्रश्न फक्त कसं, एवढाच. मग ज्यांच्यासाठी हा सगळा इतिहास आहे अशा दोघांच्या नजरेतून शेवट दाखवणं प्रामाणिकपणाचंच आहे. शिवाय रायकर तिथे आचारी होऊन फिरतो. चार वर्षं ज्याचा चेहरा एकदाही दाखवला नाही त्या आचाऱ्याच्या जागी! सगळे त्याच्याशी मन मोकळं करतात. ही मला तरी गोड कल्पना वाटली.

निळा अँटेना

गोड?? अहो, 'टेरा प्राइम'नंतर एकदम सहा वर्षांची उडी मारलीय त्यांनी. त्या सहा वर्षांत काय होतं? रोम्युलन या परग्रहींशी युद्ध! चौथ्या सीझनमध्ये ड्रोन जहाजाच्या तीन भागांत त्याची पेरणी करून ठेवली होती. लेखक-निर्माते मॅनी कोटोंनी सूत्रं हातात घेतल्यावर मालिका कुठे सूर पकडत होती, व्हल्कन आणि अँडोरियन या परग्रही जमातींची भांडणं, तशीच टेलराइट्स ही जमात, सगळं हळूहळू करारापर्यंत चाललं होतं. पाचवा सीझन झाला असता तर श्रानला जहाजावरच घ्यायचा कोटोंचा विचार होता. त्या श्रानच्या वाट्याला इथे काय आलं? मेल्याचं सोंग घेतलेला, मुलगी पळवली गेलेला, मदत मागायला आलेला बाप. जेफ्री कोम्ब्ससारखा नट हाताशी असताना!

आणि सहा वर्षांनी कुणाची बढती नाही, कुणाच्या चेहऱ्यावर काळाची खूण नाही. जहाजावरची व्हल्कन अधिकारी टी'पॉल आणि ट्रिप 'टेरा प्राइम'मध्ये मेलेल्या आपल्या बाळासाठी हात हातात घेऊन बसलेले असतात. पुढच्या भागात कळतं की ते कधीच वेगळे झाले. का? कुणी सांगायची तसदी घेतली नाही.

जुना प्रेक्षक

थोडी पार्श्वभूमी. मालिका बंद होणार हे फेब्रुवारी २००५ मध्ये जाहीर झालं. १९८७ पासून अठरा वर्षं एकामागून एक चाललेला स्टार ट्रेकचा कारखाना तिच्याबरोबर थांबणार होता. शेवटचा भाग कोटोंनी नाही, मालिकेच्या जनकांनी, म्हणजे रिक बर्मन आणि ब्रॅनन ब्रागा यांनी लिहिला. त्यांच्या डोक्यात एका मालिकेचा नव्हे, अख्ख्या कालखंडाचा निरोप होता. चाहत्यांना प्रेमाची भेट, असं ते म्हणायचे. टी'पॉल साकारणाऱ्या जोलीन ब्लालॉक या मुख्य अभिनेत्रीने तेव्हाच नाराजी बोलून दाखवली होती, आणि पुढे ब्रागांनीही पश्चात्ताप व्यक्त केला. लिहिणाराच मागे हटला म्हटल्यावर आपण कशाला किल्ला लढवायचा?

तर्कट

लिहिणाऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणून भाग वाईट ठरत नाही. टीका ऐकून ऐकून माणूस काहीही कबूल करतो.

इंजिनरूम

ट्रिपबद्दल बोलायलाच हवं. जहाजावर चाचे चढतात, त्यांना श्रान हवा असतो. ट्रिप त्यांना थापा मारून एका कोपऱ्यात नेतो, दोन जोडण्या एकत्र करतो, स्फोट होतो. आता हा तो माणूस आहे ज्याने झिंडी या परग्रहींच्या हल्ल्यात बहीण गमावली, नुकतंच बाळ गमावलं, रोम्युलन ड्रोनमध्ये अडकून जिवंत परतला. त्याला तुम्ही अशा किरकोळ गुंडांच्या हातून घालवता? ते जहाजावर शिरले कसे, सुरक्षारक्षक कुठे होते, काही पत्ता नाही. मालिकेत कुणीतरी मेलं पाहिजे असं आधी ठरलं आणि मग प्रसंग जुळवला गेला, हे पडद्यावर दिसतं.

त्याहून वाईट म्हणजे या मरणाचा उपयोग. ट्रिप मरतो आणि रायकरचा निर्णय पक्का होतो! एकाने कप्तानाला वाचवायला जीव दिला, दुसऱ्याला कप्तानाला खरं सांगायचंय. दोन्हींचा संबंध काय? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तर्कट

किरकोळ मरण हीच त्यातली बोच आहे. युद्धात झेंडा फडकवत मेला असता तर चाललं असतं का? कराराच्या तोंडावर, निवृत्त व्हायला निघालेल्या जहाजावर, कुणाच्या लक्षातही राहणार नाही अशा भांडणात गेला म्हणून आर्चर भाषण टाकून द्यायच्या गोष्टी करतो. ट्रिप वैद्यकीय कक्षात आत नेला जाताना आर्चरला डोळा मारतो, तो क्षण आठवा. नंतर त्याचं सामान आवरताना टी'पॉल म्हणते की मला त्याच्या आईवडिलांना भेटायचंय. व्हल्कन बाईने दुःख यापेक्षा वेगळं कसं दाखवायचं? ट्रिप साकारणारा कॉनर ट्रिनियर आणि ब्लालॉक यांनी तुटपुंज्या संहितेतून जे काढलंय, त्याला तुम्ही लोक मोजतच नाही.

रायकरशी सांधा कच्चा आहे, हे मान्य. 'पेगासस' १९९४ चा. मधल्या अकरा वर्षांत रायकर-ट्रॉय साकारणारे फ्रेक्स आणि सिर्टिस यांची वयं वाढलेली स्पष्ट दिसतात, ते वेगळंच.

निळा अँटेना

आणि मूळ भागात रायकरला श्वास घ्यायला फुरसत नसते. होलोडेकवर स्वयंपाक करायला वेळ कुठून काढला?

धूमकेतू

+१. एवढ्या एका प्रश्नावर अख्खा भाग कोसळतो :)

जुना प्रेक्षक

एक गोष्ट कुणी बोललं नाही. अगदी शेवटी तीन जहाजं आणि तीन आवाज येतात. 'अवकाश, शेवटची सीमा' हे पिकार्ड सुरू करतो, मग मूळ मालिकेचा कप्तान कर्क, आणि जिथे आधी कुणी गेलं नाही ती ओळ आर्चरची. म्हणजे निरोपाचं शेवटचं वाक्य त्यालाच दिलंय. चाळीस मिनिटं त्याला बाजूला ठेवलं ते ठेवलंच, पण हा अर्धा मिनिट कुणी कापायला सांगितला तर मी नाही म्हणेन.

इंजिनरूम

तो अर्धा मिनिट 'टेरा प्राइम'च्या शेवटी चिकटवा, माझं भांडण मिटलं.

नवी प्रवासी

माझा तिसरा सीझन चालू आहे, तरी सगळं वाचलं (वाचायला नको होतं, ठीक आहे). मग ९७ वर थांबू की ९८ बघू?

निळा अँटेना

थांबा. ट्रिपच्या मरणाचं मनाला लावून घेऊ नका, २००७ मध्ये आलेल्या एका कादंबरीत ते बनाव ठरवलंय. अधिकृत धरत नाहीत, पण आम्ही धरतो.

तर्कट

बघा. फक्त त्याच दिवशी बघू नका. 'टेरा प्राइम'नंतर मध्ये आठवडाभर जाऊ द्या आणि 'पेगासस' आधी बघून घ्या, म्हणजे रायकर कशाबद्दल कुढतोय ते तरी कळेल.