आईच्या संधिवाताला कोणतं औषध लागू पडेल हे आधी कळतं का?

नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. रक्ततपासणीत आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (या आजारात सापडणाऱ्या अँटीबॉडीज) दोन्ही पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट सुरू होऊन चार महिने झाले (आठवड्यातून एकदाच, जोडीला फॉलिक ॲसिड). २८ सांधे तपासून काढतात तो डॅस स्कोअर (आजाराचा जोर सांगणारा आकडा, कमी तितका बरा) ५.८ वरून ४.४ वर आलाय. फरक आहे, पण सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. पोळ्या लाटणं बंदच.

डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत स्कोअर २.६ च्या खाली, निदान ३.२ पर्यंत यायला हवा, नाहीतर बायोलॉजिक (सूज घडवणाऱ्या ठरावीक घटकालाच रोखणारं औषध). त्याआधी टीबीची तपासणी, कारण त्यातल्या टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनांनी दबून असलेला क्षय उफाळू शकतो. इथवर समजलं. पण कोणतं बायोलॉजिक, यावर उत्तर एकच: "देऊन बघू." इतकं महाग औषध, आणि देऊन बघू?

मी वाचलं की अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर रिटुक्सिमॅबचा (हेही एक बायोलॉजिक) गुण येण्याची शक्यता जास्त. आणि सिगारेट ओढणाऱ्यांना मेथोट्रेक्सेट, टीएनएफवाली औषधं दोन्ही कमी लागू पडतात. आई सिगारेट ओढत नाही, पण चाळीस वर्षं मिश्री लावते. विषय काढला की रुसते.

मिश्रीबद्दल तुमच्या डॉक्टरांनी काही सांगितलंय का? मेथोट्रेक्सेट अर्धवट लागू पडल्यावर गोळ्यांऐवजी त्याचंच इंजेक्शन घेऊन कुणाला फरक पडला? रिटुक्सिमॅब घेतलेल्यांनी किती आठवड्यांत गुण आला तेही लिहा.

घरगुती उपाय नकोत प्लीज, मेथीचे लाडू खाऊन झालेत.