मदत हवी आहे: राष्ट्रपती निवडणुकीत आमदाराचं एक मत १७५ चं कसं काय होतं?

मंडळी, भाचीची एमपीएससी तोंडावर आलीय आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीचं प्रकरण तिला समजावून सांगायचं काम घरच्यांनी माझ्या गळ्यात मारलंय, का तर मी कधीकाळी राज्यशास्त्रात बीए केलं. निर्वाचक मंडळ म्हणजे दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार, इथपर्यंत ठीक. गाडी अडते मतमूल्यावर. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५, उत्तर प्रदेशचं २०८ आणि सिक्कीमचं फक्त ७! सूत्र प्रत्येक गाइडात आहे, लोकसंख्या भागिले आमदार, मग भागिले हजार. पण २०११ च्या जनगणनेची ११ कोटी २४ लाख घातली तर महाराष्ट्राचं ३९० येतं, मग १७५ कुठून आलं? खासदाराचं मत एका गाइडात ७०८ आणि दुसऱ्यात ७००. आणि ज्याला जास्त मतं तो जिंकला असं सरळ का नाही, ते पसंतीक्रमाचं काय आहे? पाठ करायला नको, समजेल असं सांगा प्लीज, पोरगी फार उलटे प्रश्न विचारते.

प्रतिसाद १:
लोकसंख्या १९७१ ची धरतात, म्हणून. महाराष्ट्र तेव्हा ५,०४,१२,२३५, भागिले २८८, भागिले १०००, आले १७५. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवतात, सिक्कीमचं साडेसहाच्या वरचं ७ झालं ते असंच. जुना आकडा का, तर ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांचंच वजन कमी व्हायला नको. ८४ व्या घटनादुरुस्तीने हे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठवून ठेवलंय.

खासदाराचं गणित उलट्या बाजूने येतं. सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि ७७६ खासदारांत सारखी वाटायची, लोकसभा ५४३ आणि राज्यसभा २३३. म्हणजे खासदार कुठल्याही राज्याचा असो, मत तेवढंच. २०१७ ला ७०८ होतं, २०२२ ला जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती म्हणून बेरीज ५,४३,२३१ वर आली आणि मत ७०० चं झालं. दोन्ही गाइडं बरोबर आहेत, फक्त वर्ष बघा. मला स्वतःला हीच गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटते, संसद आणि राज्यं यांचं वजन जवळपास निम्मं निम्मं, त्यामुळे नुसत्या लोकसभेतल्या बहुमतावर राष्ट्रपती बसवता येत नाही, राज्यांतही आमदार लागतात. एखाद्या आमदाराची जागा रिकामी असली तरी मूल्य बदलत नाही, कारण भागाकार एकूण जागांनी करतात.

धागाकर्ता:
वा, हे डोक्यात शिरलं. पण आता ती विचारतेय की विधान परिषदेचे आमदार का नाहीत, आणि पक्षाने सांगितलं तरच मत द्यायचं का? पसंतीक्रमाचंही राहिलंच.

प्रतिसाद २:
परिषद मोजक्याच राज्यांत आहे, तिला धरलं तर बाकीच्यांवर अन्याय. राष्ट्रपतींनी नेमलेले खासदारही मत देत नाहीत, पण गंमत बघा, तेच खासदार महाभियोगात आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देतात. परीक्षेत हा प्रश्न हमखास फिरवून येतो. मतदान गुप्त असतं आणि व्हिप, म्हणजे अमुकलाच मत द्या हा पक्षाचा आदेश, लागू नाही, म्हणून तर क्रॉस व्होटिंगच्या, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिल्याच्या, बातम्या येतात. २००७ ला शिवसेना एनडीएत असूनही काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांच्या बाजूने गेली.

पसंतीक्रम म्हणजे मत देणारा उमेदवारांपुढे १, २, ३ असा आपला क्रम लिहितो. त्यासाठी १९६९ चं उदाहरण सांगा, दुसरं शोधूच नका, कारण दुसऱ्या पसंतीपर्यंत गेलेली निवडणूक आजवर तेवढीच. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं, त्या वर्षी तो कोटा ४,१८,१६९ होता. व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८, कुणीच पोचलं नाही. तिसरे होते आपले सी. डी. देशमुख, १,१२,७६९. मग खालचे उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजत गेले, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते बरं का, आणि खुद्द इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत द्या म्हणून सांगितलेलं. पक्ष त्याच वर्षी फुटला.

धागाकर्ता:
देशमुखांचा भाग ऐकून ती चक्क वही घेऊन बसली. आता शेवटचा प्रश्न तिचाच, पसंती मराठी आकड्यात लिहिली तर चालते का, आणि दुसरी पसंती लिहिलीच नाही तर?

प्रतिसाद ३:
मराठी १ चालतो, रोमनही चालतो, पण अक्षरात 'एक' लिहिलं की मत बाद. पहिली पसंती लिहायलाच लागते, पुढच्या ज्याच्या त्याच्या मर्जीवर. खासदारांची मतपत्रिका हिरवी आणि आमदारांची गुलाबी, मोजताना मूल्य वेगळं लावायचं असतं ना म्हणून. आणि पेन स्वतःचं नेता येत नाही, आयोग देतो तेच वापरायचं, जांभळ्या शाईचं.