शब्दचर्चा : ‘फोनो प्रीॲम्प’ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा

रेकॉर्ड प्लेअरसाठी एमसी (मूव्हिंग कॉइल) जातीचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणाला, "मग फोनो प्रीॲम्पही वरचा घ्यावा लागेल." म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी वाढवणारा डबा. घरी येऊन बाबांना सांगितलं, "फोनो बदलायचाय." ते हबकलेच! "चांगला वाजतोय की, कशाला काढतोस?" त्यांच्या लेखी फोनो म्हणजे अख्खं यंत्र. या डब्याला मराठी शब्द आहे का? ‘पूर्वविवर्धक’ सुचला, पण तोंडात बसत नाही.

प्रतिसाद

बाबांचं बरोबर आहे. आमची आजीही चावी द्यायच्या, कर्ण्याच्या ग्रामोफोनला फोनोच म्हणायची. ॲम्प्लिफायरला परिभाषेत ‘विवर्धक’ म्हणतात हे खरं, पण विवर्धक म्हटलं की लोकांना भिंग आठवतं. ‘ध्वनिवर्धक’ म्हणावं तर डोळ्यांपुढे मांडवातला भोंगा येतो.

प्रतिसाद

माझ्या मते शब्द शोधण्याआधी तो डबा काय करतो ते पाहावं. तो दोन कामं करतो आणि ‘वर्धक’ म्हटलं की त्यातलं एकच कळतं.

पहिलं काम वाढवण्याचं. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) जातीचं कार्ट्रिज साधारण ५ मिलिव्होल्ट देतं, त्याला ४० डेसिबल म्हणजे शंभर पट वाढ पुरते. एमसी त्याहून फार हळू बोलतं, ०.३ ते ०.५ मिलिव्होल्ट. त्याला ६० डेसिबल, म्हणजे हजार पट लागते. दुकानदार ‘वरचा घ्या’ म्हणाला तो यासाठी. तुमच्या रेकॉर्ड प्लेअरच्या आतच प्रीॲम्प असेल आणि त्याला एमसी जोडलं तर आवाज पुटपुटल्यासारखा येईल, आणि व्हॉल्यूम चढवला की गाण्याआधी सूं सूं ऐकू येईल.

दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. वरचे सूर उलट चढवतात, म्हणजे ते पृष्ठभागाच्या खरखरीवर मात करतात. २० हर्ट्झला जवळजवळ दहापट दाबणं, २० हजारला जवळजवळ दहापट चढवणं. १९५४ साली अमेरिकेच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, आरआयएएनं, याचं एक माप ठरवलं आणि तेच पुढे सर्वत्र रूढ झालं. ऐकताना हा डबा नेमकं उलट करतो. याला मराठीत नेमका शब्द आहे : उतारा. कापताना जे केलं, त्यावरचा उतारा. म्हणूनच रेकॉर्ड प्लेअरमधला प्रीॲम्प चालू ठेवून पुढे दुसरा जोडायचा नाही. उतारा दोनदा झाला की खर्ज नुसता घुमतो. मागच्या बाजूचं बटण ‘लाईन’वरून ‘फोनो’वर आणा, मग बाहेरचा जोडा.

प्रतिसाद

मग इतकी वर्षं आपल्याकडे याला शब्दच का नव्हता?

प्रतिसाद

कारण बहुतेक घरांत हा वेगळा डबाच नव्हता. जुन्या पेटी-प्लेअरांत सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. ते काहीशे मिलिव्होल्ट देतं आणि त्याच्या स्वभावातच उतारा बराचसा होऊन जातो. वायर थेट ॲम्प्लिफायरला. सुई, पिन, तबकडी हे शब्द घरोघरी पोचले, इतके की ‘त्याची पिन तिथंच अडकलीय’ म्हणताना आता रेकॉर्ड आठवतही नाही. जे हाताला लागतं त्याला नाव मिळतं. हा डबा हाताला लागलाच नाही.

मूळ विचारणारा

पटलं. बाबांच्या नाट्यसंगीताच्या लाखेच्या तबकड्याही आहेत, त्यांनाही हाच उतारा?

प्रतिसाद

नाही, आणि हे घेण्याआधी विचारलंत ते फार बरं झालं. लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या १९५४च्या आधीच्या. तेव्हा प्रत्येक कंपनीचं माप निराळं. त्या नीट ऐकायच्या असतील तर उतारा बदलता येईल असा डबा बघा, आणि सुईही रुंद टोकाची, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), लागेल. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासते आणि खरखर तेवढी वाढवते.

एक आग्रहाचं सांगणं : आधी सध्याची सुई भिंगाखाली तपासून घ्या. सुई झिजलेली असेल तर पुढचा डबा कितीही भारी घेतलात तरी ‘स’ आणि ‘श’ फाटूनच ऐकू येतील, आणि तबकडीही खराब होईल. अर्थिंगची बारीक वायरही विसरू नका. ती सुटली की हमिंग आलंच.

शब्दाबद्दल माझं मत : ‘फोनो’ बाबांसाठी राहू द्या, तो त्यांचा आधीपासूनचा आहे. डब्याला ‘प्रीॲम्प’च म्हणा, दुकानातही तेच समजतं. त्यातल्या कामाला मात्र ‘उतारा’ म्हणून बघा. बाबांना सांगा, "फोनो तोच राहणार, फक्त उतारा नीट देणारा प्रीॲम्प आणतोय."

मूळ विचारणारा

सांगितलं. म्हणाले, "मग माझ्या ७८वाल्या आधी लावायच्या."